औषध देताना होणाऱ्या चुका: त्या वॉर्डात नेमक्या कुठे घडतात आणि कुठे अडवता येतात

प्रश्न एका मेडिसिन वॉर्डातील परिचारिकेचा आहे. तिच्या सहकारी सिस्टरने सकाळच्या फेरीत एका रुग्णाची मेटोप्रोलॉल या नाडी मंद करणाऱ्या व रक्तदाब उतरवणाऱ्या औषधाची ५० मिलिग्रॅमची गोळी शेजारच्या बेडवरील रुग्णाला दिली. आदल्या रात्री त्या दोघांनी आपापसात बेड बदलले होते आणि ते कोणीच नोंदवले नव्हते. सिस्टरने नाव घेऊन विचारले, तेव्हा समोरच्या वृद्ध गृहस्थांनी "हो" म्हणून मान डोलावली. त्यांना इजा झाली नाही, पण सिस्टरकडून लेखी खुलासा मागितला गेला आहे. विचारणारीला तीन गोष्टी जाणून घ्यायच्या आहेत: औषध देण्याचे पाच नियम तोंडपाठ असूनही असे का होते, हाताखाली इतके रुग्ण असताना एकटी परिचारिका काय करू शकते, आणि चूक झालीच तर ती सांगावी की नाही.

अतिदक्षता विभागात आणि पुढे औषध-सुरक्षा समितीत बरीच वर्षे काम केल्यावर माझे ठाम मत झाले आहे की औषधाची चूक फार क्वचित अज्ञानामुळे होते. जिथे सगळे काम परिचारिकेच्या स्मरणशक्तीवर आणि तिच्या एका नजरेवर सोपवलेले असते, तिथे ती होते. म्हणून "यापुढे अधिक काळजी घ्यावी" असा शेरा मारून कोणत्याही वॉर्डातल्या चुका कमी होत नाहीत. तपासणी कोणत्या क्षणी करायची, कशाशी ताडून करायची आणि कोणाच्या डोळ्यांनी करायची, हे ठरलेले असेल आणि ते गर्दीच्या वेळीही पाळता येण्याजोगे असेल, तरच त्या कमी होतात.

योग्य रुग्ण, योग्य औषध, योग्य मात्रा, योग्य मार्ग आणि योग्य वेळ हे पाच नियम आपल्याला पहिल्या वर्षापासून शिकवले जातात आणि ते खरेच आहेत. परंतु कुठे पोहोचायचे एवढेच ते सांगतात. कसे पोहोचायचे ते सांगत नाहीत. "योग्य रुग्ण" म्हणजे प्रत्यक्षात कोणती कृती, हे जोपर्यंत वॉर्डात ठरलेले नसते, तोपर्यंत प्रत्येक जण ते आपापल्या सवयीप्रमाणे करतो. वरच्या घटनेत सिस्टरने नाव विचारले होते, म्हणजे तिच्या समजुतीप्रमाणे तिने नियम पाळला होता. चूक प्रश्नाच्या घडणीत होती. "आपण अमुक ना?" असे विचारल्यावर ऐकू कमी येणारा, अर्धवट झोपेतला, तापाने ग्लानीत असलेला किंवा केवळ भिडस्त असलेला रुग्ण "हो" म्हणतो. "आपले पूर्ण नाव सांगता का?" आणि "जन्मतारीख काय?" असे विचारले, तर उत्तर रुग्णाला स्वतःच द्यावे लागते, आणि ते हातातील औषधनोंद तक्त्याशी व मनगटपट्टीशी ताडून पाहता येते. बेड क्रमांक ही ओळख नव्हे. तो फर्निचरचा पत्ता आहे. जो रुग्ण बोलू शकत नाही, त्याच्यासाठी मनगटपट्टीवरील नाव आणि नोंदणी क्रमांक, दोन्ही मोठ्याने वाचून जुळवावेत. नातेवाइकाने सांगितलेले नाव मदतीला घ्यावे, पण केवळ त्यावर विसंबू नये. यासाठी प्रत्येक रुग्णामागे काही सेकंद लागतात, आणि गर्दीच्या ड्यूटीतही मला ते सेकंद सोडण्याजोगे वाटत नाहीत.

परिचारिकेची जागा या साखळीत कुठे आहे, हेही समजून घेतले पाहिजे. १९९५ मध्ये बोस्टनच्या दोन रुग्णालयांत झालेला एक अभ्यास आजही मार्गदर्शक आहे. त्यात सापडलेल्या चुकांपैकी ३९ टक्के डॉक्टरांच्या आदेशाच्या टप्प्यावर, १२ टक्के आदेश उतरवून घेताना, ११ टक्के औषधालयातून औषध देताना आणि ३८ टक्के प्रत्यक्ष रुग्णाला देताना झाल्या होत्या. रुग्णापर्यंत पोहोचण्याआधी ज्या चुका पकडल्या गेल्या, त्यांतल्या ८६ टक्के परिचारिकांनी पकडल्या होत्या. म्हणजे आदेशातील किंवा औषधालयातील चूक पकडायला मागे परिचारिका उभी असते, मात्र परिचारिकेच्या हातून होणारी चूक पकडायला तिच्या मागे बहुधा कोणीच नसते. शेवटच्या टप्प्यावरील चूक सरळ रुग्णापर्यंत पोहोचते. म्हणूनच या टप्प्यावर अडसर मुद्दाम बसवावे लागतात, आणि ते बसवण्याची जबाबदारी एकट्या सिस्टरची नसून रुग्णालयाची आहे, हे मी प्रत्येक बैठकीत आग्रहाने मांडत आले आहे.

आता ज्या औषधांत चुकीला क्षमा नाही त्यांच्याविषयी. सगळी औषधे सारखी धोकादायक नसतात. जीवनसत्त्वाची गोळी दोनदा दिली गेली तर नोंद करून पुढे जाता येते. संपृक्त (विरळ न केलेले) पोटॅशियम क्लोराइड, इन्सुलिन, रक्त पातळ करणारे हेपॅरिन, मॉर्फिनसारखी अफूजन्य औषधे, स्नायू शिथिल करणारी औषधे आणि कर्करोगावरील रसायने यांत तशी सवलत नाही. पोटॅशियमचे उदाहरण मी नेहमी सविस्तर देते, कारण त्यात चुकीची सगळी रूपे एकत्र दिसतात. १५ टक्के तीव्रतेच्या १० मिलिलिटर अँप्यूलमध्ये २० मिलीइक्विव्हॅलंट पोटॅशियम असते. ते पाण्यासारखे पारदर्शक असते आणि त्याची अँप्यूल डिस्टिल्ड वॉटरच्या किंवा सलाईनच्या अँप्यूलसारखी दिसते. विरळ न करता ते शिरेत टोचले तर हृदय थांबते. अमेरिकेतील रुग्णालयांना मान्यता देणाऱ्या जॉइंट कमिशनने १९९८ मध्ये आपला पहिला धोकासूचक इशारा याच औषधाविषयी काढला. त्यांच्यापुढे आलेल्या दहा मृत्यूंपैकी आठ संपृक्त पोटॅशियम थेट दिल्याने झाले होते, आणि त्या आठांतील सहा घटनांत, मुख्यतः वेष्टन आणि लेबल यांच्या साधर्म्यामुळे, ते दुसरेच औषध समजून दिले गेले होते. त्यांनी सुचवलेला उपाय शिकवणुकीचा नव्हता. संपृक्त पोटॅशियम वॉर्डाच्या कपाटातूनच काढून टाका, असे त्यांनी सांगितले. जे कपाटात नाही ते चुकून हातात येत नाही. औषधालयाने आधीच मिसळून दिलेल्या पिशव्या मिळाल्या तर उत्तमच. तशी सोय नसेल तर पोटॅशियमच्या अँप्यूल वेगळ्या, कुलूपबंद, ठळक इशारा लावलेल्या खणात ठेवाव्यात आणि त्या खणात दुसरे काहीही ठेवू नये.

पोटॅशियमच्याच बाबतीत एक बारीक गोष्ट अशी आहे, जी नव्या सिस्टरना बहुधा कोणी सांगत नाही. स्टँडला टांगलेल्या, चालू असलेल्या सलाईनच्या पिशवीत खालच्या पोर्टमधून पोटॅशियम घातले आणि पिशवी हलवली नाही, तर जड द्रावण तळाशी साचते आणि पहिल्या काही मिनिटांतच रुग्णाच्या शिरेत जवळजवळ संपृक्त पोटॅशियम उतरू लागते. कागदावर आदेश बरोबर असतो, मात्रा बरोबर असते, दर बरोबर असतो आणि तरीही रुग्णाच्या हृदयाचे ठोके बिघडतात. म्हणून आधी प्रवाह बंद करावा, पिशवी खाली उतरवावी, औषध घालावे, पिशवी अनेकदा उलटसुलट करून नीट मिसळावी, तिच्यावर औषध, मात्रा, वेळ आणि सही असलेले लेबल लावावे आणि मगच ती पुन्हा टांगावी. हाताच्या शिरेतून देताना सर्वसाधारणपणे ताशी १० मिलीइक्विव्हॅलंटच्या पुढे जाऊ नये. त्याहून वेगाने द्यायचे तर मोठ्या शिरेतील कॅथेटर आणि सतत चालणारा ईसीजी मॉनिटर लागतो.

इन्सुलिनमधील चुका वेगळ्या वाटेने येतात. हस्तलिखित आदेशात "युनिट" हा शब्द पूर्ण न लिहिता रोमन लिपीतील एकच अक्षर लिहिले, तर ते शून्यासारखे दिसते आणि १० चे १०० होतात. मात्रेचा आकडा आणि "युनिट" हा पूर्ण शब्द, असाच आदेश स्वीकारावा. तसा नसेल तर तो पुन्हा लिहून मागावा, आणि तो मागताना संकोच करू नये. दुसरी चूक सिरिंजची आहे. जिथे मिलिलिटरमागे ४० युनिट आणि १०० युनिट अशा दोन्ही तीव्रतेचे इन्सुलिन वापरात असते, तिथे सिरिंजही दोन प्रकारच्या असतात. शंभर तीव्रतेच्या व्हायलमधून चाळीसच्या सिरिंजने २० च्या खुणेपर्यंत औषध भरले, तर ते अर्धा मिलिलिटर, म्हणजे ५० युनिट भरते: हव्या त्या मात्रेच्या अडीचपट. उलट चाळीसच्या व्हायलमधून शंभरच्या सिरिंजने २० च्या खुणेपर्यंत भरले, तर रुग्णाला फक्त ८ युनिट मिळतात आणि साखर का उतरत नाही म्हणून मात्रा वाढवली जाते. मग एखाद्या दिवशी योग्य सिरिंज हाती आली की रुग्णाची साखर धोक्याच्या पातळीखाली घसरते. व्हायलवरील तीव्रता आणि सिरिंजवरील तीव्रता एकमेकींशेजारी धरून वाचावी. साध्या सिरिंजने मिलिलिटरचा हिशोब करून इन्सुलिन भरण्याची सवय पूर्णपणे बंद व्हायला हवी.

दशांशचिन्हाने जीव गेल्याच्या घटना वैद्यकाच्या इतिहासात थोड्या नाहीत. पूर्णांकानंतर अनावश्यक शून्य लिहिले आणि दशांशचिन्ह पुसट राहिले की १.० चे १० होतात. दशांशाआधीचे शून्य गाळले की ०.५ ऐवजी ५ वाचले जातात. म्हणून पूर्णांकानंतर शून्य लिहू नये, आणि दशांशाआधीचे शून्य कधी गाळू नये. मायक्रोग्रॅम आणि मिलिग्रॅम यांत हजारपटीचा फरक आहे, त्यामुळे मायक्रोग्रॅमसाठी चिन्ह न वापरता पूर्ण शब्द लिहावा. फोनवर किंवा घाईत तोंडी मिळालेला आदेश आधी लिहावा, मग लिहिलेले वाचून दाखवावे. इंग्रजीतील "फिफ्टीन" आणि "फिफ्टी" फोनवर सारखेच ऐकू येतात, म्हणून संख्या अंक सुटे करून, "एक-पाच" किंवा "पाच-शून्य" अशी उच्चारावी.

लहान मुलांच्या वॉर्डात हिशोबाची चूक सर्वाधिक महागात पडते, कारण तिथे प्रत्येक मात्रा वजनावरून काढावी लागते आणि औषधे मात्र बहुधा मोठ्यांच्या तीव्रतेत बनवलेली असतात. ८ किलो वजनाच्या बाळाला किलोमागे १५ मिलिग्रॅम या दराने पॅरासिटामॉल द्यायचे, म्हणजे १२० मिलिग्रॅम. ५ मिलिलिटरमध्ये १२० मिलिग्रॅम असलेल्या सिरपचे ते ५ मिलिलिटर होतात. ५ मिलिलिटरमध्ये २५० मिलिग्रॅम असलेल्या सिरपचे २.४ मिलिलिटर, आणि मिलिलिटरमागे १०० मिलिग्रॅम असलेल्या थेंबांचे केवळ १.२ मिलिलिटर. आदेशात फक्त "५ मिलिलिटर" असे लिहिलेले असेल आणि हातात थेंबांची बाटली असेल, तर बाळाला एकदम ५०० मिलिग्रॅम जातील. मिलिलिटरमध्ये लिहिलेला आदेश अपुरा आहे. मिलिग्रॅम आणि त्यासोबत बाळाचे आजचे वजन नोंदलेले हवेच. नवजात बाळांत अडचण आणखी सूक्ष्म होते. ३ किलोच्या बाळाला किलोमागे ०.०५ मिलिग्रॅम मॉर्फिन द्यायचे तर एकूण ०.१५ मिलिग्रॅम होतात, आणि मिलिलिटरमागे १० मिलिग्रॅमच्या अँप्यूलमधून ते ०.०१५ मिलिलिटर भरते, जे कोणत्याही सिरिंजने अचूक मोजता येत नाही. म्हणून ते विरळ करावे लागते, आणि विरळ करणे ही एक पायरी वाढली की दहापटीची चूक होण्याची एक जागा वाढते. अशा प्रत्येक औषधासाठी विरळ करण्याची एकच ठरलेली पद्धत छापून, भिंतीवर लावून, तीच सर्वांनी वापरावी. प्रत्येक सिस्टरने मनाने वेगळा हिशोब मांडणे म्हणजे हुशारी समजू नये. याच्या जोडीला एक साधी कसोटी पाळावी: एका मात्रेसाठी दोनपेक्षा जास्त अँप्यूल किंवा गोळ्या लागत असतील, किंवा एखाद्या बाळासाठी पूर्ण अँप्यूल लागत असेल, तर हात थांबवून हिशोब पहिल्यापासून करावा.

चुकीच्या मार्गाने दिलेले औषध हा तुलनेने विरळ, पण सर्वांत भयंकर प्रकार आहे. शिरेतून द्यायचे व्हिन्क्रिस्टिन हे कर्करोगावरील औषध मज्जारज्जूभोवतीच्या द्रवात दिले गेले, की रुग्ण जवळजवळ नेहमीच दगावतो किंवा कायमचा अपंग होतो. जागतिक आरोग्य संघटनेने २००७ मध्ये याविषयी इशारा देताना ते सिरिंजमध्ये न भरता छोट्या पिशवीतून देण्यास सांगितले, कारण पिशवी कोणी पाठीच्या सुईला जोडणार नाही. याच विचाराने आता पोटातील नळी, पाठीतील सुई आणि शीर यांचे जोड एकमेकांत बसूच नयेत अशी वेगवेगळी आंतरराष्ट्रीय मानके झाली आहेत. जिथे असे जोड अजून आलेले नाहीत, तिथे प्रत्येक वेळी नळी जोडण्यापूर्वी ती बोटांनी धरून रुग्णाच्या शरीरात जिथे शिरते तिथपर्यंत माग काढावा. तोंडावाटे द्यायचे औषध शिरेच्या सिरिंजमध्ये कधीही भरू नये. राईल्स ट्यूबमधून, म्हणजे नाकावाटे पोटात घातलेल्या नळीतून, गोळी कुटून देताना ती हळूहळू विरघळणारी तर नाही ना, हे आधी विचारावे, कारण दिवसभराची मात्रा कुटल्याने एका तासात अंगात उतरते.

व्यत्ययाविषयी आता लिहिते, कारण बहुतेक वॉर्डांत त्याकडे कोणी गांभीर्याने पाहत नाही. सिडनीतील दोन रुग्णालयांत ९८ परिचारिकांचे औषध देतानाचे निरीक्षण करून २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात असे दिसले की एकेका व्यत्ययागणिक औषधाच्या चुका सुमारे १२ ते १३ टक्क्यांनी वाढतात. चार सिरिंज भरून ट्रेमध्ये ठेवल्या आहेत, पाचवी भरत असताना नातेवाईक सलाईन संपल्याचे सांगायला येतो, सिस्टर उठते, परत येते आणि पाचवीऐवजी चौथी पुन्हा भरते. असे घडते तेव्हा बाहेरून पाहणाऱ्याला काहीच चुकल्यासारखे दिसत नाही. औषधे तयार करण्याच्या जागी एक नियम करावा: मध्येच उठावे लागले तर हातातील सिरिंज, लेबल लावलेली नसेल तर, टाकून द्यावी आणि परतल्यावर ती मात्रा आदेशापासून पुन्हा सुरू करावी. लेबल नसलेली सिरिंज ही कोणाचीच नसते, मग ती स्वतः भरलेली का असेना. अंगावर "बोलू नका" असे लिहिलेली जॅकेट घालण्याचा प्रयोग पुष्कळ ठिकाणी झाला. त्याने थोडा फरक पडतो, परंतु त्या वेळात फोन कोण उचलणार आणि नातेवाइकांशी कोण बोलणार हे ठरवल्याशिवाय जॅकेटचा काही उपयोग नाही, असे माझे मत आहे.

दोन जणींनी तपासणे याला आपण फार महत्त्व देतो, पण प्रत्यक्षात ते बहुधा असे चालते. एक सिस्टर भरलेली सिरिंज पुढे करून म्हणते, "हेपॅरिन दोन मिलिलिटर भरलंय, बरोबर आहे ना गं?" दुसरी आपले काम करता करता सिरिंजकडे पाहते, दोनची खूण दिसते, "हो" म्हणते आणि सही करते. तिने सिरिंजमधले दोन मिलिलिटर तपासले. आदेशातली मात्रा, व्हायलची तीव्रता आणि हिशोब यांतले काहीच तपासले नाही. पहिलीने उत्तर सांगून टाकल्यामुळे दुसरीचे डोळे तेच पाहतात. स्वतंत्र तपासणी याहून वेगळी असते: दुसऱ्या सिस्टरला उत्तर न सांगता आदेश आणि व्हायल द्यावी, तिने स्वतः हिशोब करून आकडा सांगावा, आणि मगच दोन्ही आकडे जुळवावेत. यात वेळ जातो, म्हणून प्रत्येक औषधासाठी हे करण्याचा हट्ट धरू नये. तसा हट्ट धरला की दोन आठवड्यांत तपासणी केवळ सहीपुरती उरते. वर सांगितलेली धोक्याची औषधे, लहान मुलांच्या हिशोबाच्या मात्रा आणि इन्फ्युजन पंपाचा दर, एवढ्याच ठिकाणी ती खऱ्या अर्थाने करावी. कनिष्ठ सिस्टर तपासणारी असेल आणि भरणारी इन्चार्ज असेल, तर "ताई, माझा आकडा वेगळा येतोय" असे म्हणण्याची मोकळीक तिला आहे का, यावर त्या तपासणीची सगळी किंमत ठरते.

यंत्रांची मदत खरी आहे. बोस्टनमधील एका मोठ्या रुग्णालयात औषध आणि मनगटपट्टी यांवरील बारकोड जुळवण्याची पद्धत आल्यावर, वेळेशी संबंध नसलेल्या चुका ११.५ टक्क्यांवरून ६.८ टक्क्यांवर आल्या, असे २०१० मध्ये प्रसिद्ध झाले. पण पट्टी नीट वाचली जात नाही म्हणून तिची प्रत टेबलावर चिकटवून तीच स्कॅन करायची सवय लागली, तर यंत्र असूनही नसल्यासारखे होते. यंत्र सोयीसाठी वळवले की काय होते, हे डिसेंबर २०१७ मध्ये अमेरिकेच्या टेनेसी राज्यातील एका घटनेने दाखवले. रुग्णाला तपासणीपूर्वी भीती कमी करणारे मिडाझोलॅम द्यायचे होते. परिचारिकेने त्याच्या व्यापारी नावाची पहिली दोन अक्षरे औषधाच्या यांत्रिक कपाटात टाइप केली, कपाटाचा नेहमीचा अडसर ओलांडण्याची सोय वापरली आणि त्याच अक्षरांनी सुरू होणारे व्हेक्युरोनियम, म्हणजे श्वासाचे स्नायूही निकामी करणारे औषध, बाहेर काढले. मिडाझोलॅम द्रवरूप मिळते. हातातली व्हायल पावडरची होती आणि तिच्या झाकणावर इशारा छापलेला होता. औषध दिल्यानंतर रुग्णावर नजर ठेवायला कोणी थांबले नाही आणि रुग्णाचा मृत्यू झाला. परिचारिकेने आपली चूक तत्काळ सांगितली होती. तरी तिच्यावर फौजदारी खटला चालला, मार्च २०२२ मध्ये ती दोषी ठरली आणि मे महिन्यात तिला तीन वर्षांच्या प्रोबेशनची शिक्षा झाली. अपेक्षेपेक्षा वेगळी वाटणारी प्रत्येक गोष्ट, मग ती पावडर असो, झाकणाचा रंग असो किंवा नेहमीपेक्षा जास्त लागणारी मात्रा असो, ही थांबण्याची खूण आहे, हे त्या घटनेतून प्रत्येक परिचारिकेने घ्यावे. रुग्णालयांनी घ्यायचे ते वेगळे आहे: स्नायू निकामी करणारी औषधे सर्वसाधारण कपाटात नकोत, दोन अक्षरांवर औषध बाहेर येता कामा नये, आणि अडसर ओलांडणे ही रोजची रीत बनू देऊ नये.

राहिलेल्या काही गोष्टी थोडक्यात सांगते. औषध देण्याआधी तक्त्यावर सही करू नये. रुग्णाने गोळी गिळल्यावरच करावी. दुसऱ्या रुग्णाचे औषध उसने घेऊ नये, कारण त्याने दोघांचा हिशोब बिघडतो. पेनिसिलिनची ॲलर्जी तक्त्यावर लिहिलेली असली, तरी संयुक्त गोळीच्या व्यापारी नावात पेनिसिलिन लपलेले असते, म्हणून घटक वाचावेत. न दिलेली मात्रा हीसुद्धा चूकच आहे, आणि पार्किन्सनच्या रुग्णाची लेव्होडोपा, जंतुसंसर्गाने खालावलेल्या रुग्णाचे पहिले अँटिबायोटिक किंवा जेवणाआधीचे इन्सुलिन यांत उशीरसुद्धा घातक ठरतो. वॉर्ड बदलताना आणि घरी सोडताना घरची औषधे व रुग्णालयातली औषधे शेजारी ठेवून एकेक ओळ जुळवावी. एकच औषध दोन नावांनी सुरू राहणे आणि रक्त पातळ करणारे औषध नकळत बंद होणे, हे दोन्ही प्रकार याच वेळी होतात.

तिसऱ्या प्रश्नाचे, म्हणजे चूक सांगावी का याचे, उत्तर निःसंदिग्ध आहे: सांगावी, आणि लगेच सांगावी, कारण उपचाराची वेळ मिनिटांत निघून जाते. सर्वप्रथम रुग्णाकडे पाहावे. चालू असलेले औषध थांबवावे, शीर मात्र मोकळी ठेवावी, नाडी, रक्तदाब, श्वास आणि शुद्ध तपासून डॉक्टरांना बोलवावे आणि काय, किती, कोणत्या मार्गाने व किती वाजता गेले हे स्पष्ट सांगावे. मॉर्फिनसाठी नॅलॉक्झोन, हेपॅरिनसाठी प्रोटामिन, जास्त पोटॅशियमपासून हृदय वाचवण्यासाठी कॅल्शियम ग्लुकोनेट, जास्त इन्सुलिनसाठी ग्लुकोज, असे उतारे आहेत. पण कोणता द्यायचा हे खरी माहिती मिळाली तरच ठरते. इन्सुलिन दीर्घकाळ काम करणारे असेल तर एकदा साखर वर आली म्हणून निश्चिंत होऊ नये. मेटोप्रोलॉलच्या या घटनेत नाडी व रक्तदाब काही तास वारंवार पाहायला हवेत, आणि गोळी सावकाश विरघळणारी असेल तर दिवसभर. त्या गृहस्थांना दम्याचा त्रास आहे का आणि ते नाडी मंद करणारे आणखी कोणते औषध घेतात का, हेही विचारायला हवे. ज्यांची गोळी होती त्यांना ती मिळाली का, हे पाहायला अशा वेळी सगळे विसरतात. वापरलेली व्हायल, सिरिंज आणि पिशवी जपून ठेवावी. केस पेपरवर जे घडले ते आणि रुग्णाची स्थिती, एवढेच लिहावे. जुनी नोंद खोडू नये, बदलू नये. रुग्णाला आणि कुटुंबाला डॉक्टरांनी, शक्यतो इन्चार्ज सिस्टरसोबत, साध्या शब्दांत सांगावे. लपवलेली चूक पुढे उघडी पडली, की विश्वास परत मिळत नाही.

थोडक्यात टळलेल्या चुकांची नोंद मात्र आपल्याकडे जवळजवळ होतच नाही, आणि माझ्या दृष्टीने हीच सर्वांत मोठी हानी आहे. चुकीची अँप्यूल हातात आली आणि शेवटच्या क्षणी लक्षात आली, तर सिस्टर सुटकेचा श्वास टाकते आणि कामाला लागते. पुढच्या आठवड्यात तीच अँप्यूल त्याच खणातून दुसरीच्या हातात येते. नोंद करणाऱ्याला मेमो मिळतो असे एकदा वॉर्डाला कळले, की नोंदी थांबतात आणि चुका चालू राहतात. मुद्दाम केलेले दुर्लक्ष, नशेत केलेले काम किंवा खोटी नोंद यांवर कारवाई व्हायलाच हवी. परंतु त्याच परिस्थितीत दुसऱ्या तेवढ्याच अनुभवी सिस्टरच्या हातूनही तेच घडले असते का, हा प्रश्न प्रत्येक चौकशीत विचारला गेला पाहिजे, आणि उत्तर "हो" असेल तर शिक्षेने काही साधणार नाही.

या कसोटीवर विचारणारीच्या सहकारी सिस्टरने खुलासा लिहावा. त्यात माफीची वाक्ये भरण्याऐवजी घटनाक्रम वेळेसह लिहावा: बेड कधी बदलले, ते हँडओव्हरमध्ये आले होते का, त्या ड्यूटीत किती रुग्ण आणि किती सिस्टर होत्या, मनगटपट्ट्या दोघांच्या हातात होत्या का, नाव कोणत्या शब्दांत विचारले, चूक कधी लक्षात आली, कोणाला कळवले आणि रुग्णाची नाडी व रक्तदाब किती होते. स्वतःचा भाग स्पष्ट लिहावा: मनगटपट्टी वाचली नाही. त्याखाली सूचना लिहाव्यात: रुग्णाने बेड बदलल्यास तक्ता आणि फलक त्याच वेळी बदलणे, पट्टी नसलेल्या रुग्णाला औषध देण्याआधी पट्टी बांधणे, आणि ओळख उघड्या प्रश्नाने विचारणे. इन्चार्ज सिस्टरने पुढच्या काही औषधफेऱ्यांत तिच्याबरोबर एक अनुभवी सहकारी द्यावी, कारण घाबरलेला हात पुन्हा चुकतो, आणि तिला औषधांच्या कामावरून दूर ठेवल्याने तो स्थिर होत नाही.